प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : घरातला सिग्नल पुढे कोण नेतो?

या वेळी खानदेशातून आलेल्या पत्रांत झिगबीच्या, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकमेकांशी बिनतारी जोडणाऱ्या जाळ्याच्या, तक्रारी जास्त आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : जळगावात आमचं घर जुन्या पद्धतीचं आहे, समोरून अरुंद आणि मागे लांबच लांब. बैठकीत टीव्हीशेजारी झिगबीचा हब आहे. स्वयंपाकघर, मागचं दार आणि गच्चीचा जिना तिथून साठ फुटांवर. दारांना, खोल्यांत, मोरीत असे मिळून नऊ सेन्सर लावले, सगळे सेलवरचे. पुढचे नीट चालतात, मागचे दर दोन-तीन दिवसांनी ऑफलाइन होतात. दुकानदार म्हणतो, उपकरणं वाढवा, जाळं आपोआप घट्ट होतं. अजून सेन्सर घ्यावेत का?

उत्तर : नका घेऊ. दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. जाळं घट्ट होतं ते सतत विजेवर असलेल्या उपकरणांनी. सेलवरचे नऊ असोत की एकोणीस, त्यातला एकही दुसऱ्याचा निरोप पुढे नेत नाही.

झिगबीत तीन कामं असतात. हब हा कोऑर्डिनेटर, म्हणजे जाळं उभं करून सांभाळणारा. प्लग, न्यूट्रल वायर जोडलेले स्विच, बरेचसे बल्ब हे राउटर, म्हणजे निरोप घेऊन पुढे देणारे. सेलवरचा सेन्सर हा एंड डिव्हाइस. तो जवळपास सगळा वेळ झोपलेला असतो. दार उघडलं की क्षणभर जागा होतो, आपला निरोप देतो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्याचं ऐकायचं तर रेडिओ सतत चालू लागेल, त्याला साधारण ६-७ मिलीअँपिअर लागतात. सीआर२०३२ सेलची क्षमता २२० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास. हिशोब करा, सेल दीड दिवसही टिकणार नाही. म्हणून झोपणं हेच त्याचं काम.

तुमच्या घराला झिगबीचे तीन प्लग पुरतील. पहिला हबपासून वीसेक फुटांवर मधल्या खोलीत, दुसरा स्वयंपाकघराच्या अलीकडे, तिसरा जिन्यापाशी. खोक्यावर मोकळ्या मैदानातली रेंज लिहिलेली असते. नऊ इंची विटांच्या भिंतीत ती कामाची नाही. दोन राउटरमध्ये एक भिंत, फार तर दोन, एवढंच धरून चला. दोन प्लगमध्येही भागेल, पण मग एक बंद पडला की मागचं सगळं घर तुटतं. तिसरा असला तर निरोपाला दुसरी वाट मिळते.

प्लग कुठे खोचता तेही बघा. फ्रिजमागे, लोखंडी कपाटामागे तो असून नसल्यासारखा. आपल्याकडे कूलर हे वेगळं प्रकरण आहे. पत्र्याची बॉडी, आत पाणी, म्हणजे सिग्नलला दुहेरी अडथळा. हिवाळ्यात चाललेलं जाळं मार्चमध्ये खिडकीत कूलर बसताच तुटतं आणि माणूस सेन्सरचे सेल बदलत बसतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्येही प्लग नको, आणि त्याच प्लगवर कूलर चालवणं तर नकोच.

जोडायचा क्रम असा ठेवा. हबच्या सर्वांत जवळचा प्लग आधी, त्याच्या कायमच्या जागी खोचून जोडा. मग त्याच्या पुढचा, मग शेवटचा. राउटर आपल्या शेजाऱ्यांना दर १५ सेकंदांनी ख्यालीखुशाली कळवत असतात, त्यामुळे त्यांची आपसातली ओळख लवकर होते. सेन्सरचं तसं नाही. पहिल्यांदा ज्याच्याशी जोडला त्यालाच तो धरून बसतो, शेजारी नवा प्लग आला तरी. म्हणून मागचा एकेक सेन्सर त्याच्याच जागेवर ठेवून, जोडणीचं बटण पाचेक सेकंद दाबून पुन्हा जोडा. ॲपमधून आधी डिलीट करू नका, नाहीतर नाव आणि ऑटोमेशन नव्याने करत बसाल. 'फक्त या उपकरणामार्फत जोडणी' अशी सोय ॲपमध्ये असेल तर जवळचा प्लग निवडा. सेन्सर हबपाशी आणून जोडायचा आणि मग मागे नेऊन चिकटवायचा, ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. तुमच्या घरीही बहुधा तीच झाली असावी.

प्रश्न : भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो. भिंत फोडता येत नाही म्हणून झिगबीचे दहा बल्ब घेतले. विजेवरचं उपकरण राउटर होतं असं वाचलं होतं, पण बल्ब आल्यापासून सेन्सर उलट जास्त तुटायला लागले. असं का?

उत्तर : कारण रात्री कोणीतरी भिंतीवरचं बटण बंद करतं. वीज असेपर्यंत बल्ब राउटर, बटण पडलं की मेला. त्याला धरून असलेला सेन्सर उघड्यावर येतो. चांगला सेन्सर थोड्या वेळात दुसरा आधार शोधतो. काही जुन्या बनावटीचे शोधतच नाहीत, गेलेल्यालाच हाका मारत बसतात.

उपाय दोन. पहिला, भिंतीवरची बटणं कायम चालू ठेवायची आणि त्यावर सेलवरचं झिगबी बटण दुहेरी टेपने चिकटवायचं. खिळा लागत नाही, क्वार्टर सोडताना काढून नेता येतं. दुसरा, बल्ब आहेत तसे वापरा, पण सेन्सर त्यांच्यावर टाकू नका. दोन प्लग लावा आणि सेन्सर त्या प्लगमार्फत जोडून घ्या. आम्ही दुसरा सुचवू, कारण घरातल्या मोठ्या माणसांची बटण बंद करायची सवय मोडत नाही, आणि ती मोडावी असंही नाही.

प्लगच्या बाबतीतही तोच धोका आहे. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला स्वतःचं बटण असतं. 'रिकामा प्लग चालू कशाला' म्हणून झोपताना ते बंद होतं. त्या बटणावर चिकटपट्टी लावा.

आणि सगळेच झिगबी बल्ब राउटर नसतात. हे असंच तुटतं म्हणून काही कंपन्या बल्बमधली ही सोय मुद्दाम देत नाहीत. ॲपमधल्या जाळ्याच्या नकाशात त्या बल्बपासून पुढे एकही रेघ निघताना दिसली नाही, तर तो बल्ब एंड डिव्हाइस समजा.

प्रश्न : धुळ्याला घरभर सहा स्मार्ट प्लग लावले. वायफाय शे, तरी मागला खोलीमा दिवा लागत नही. सहा प्लगांचं जाळं कमी पडतं का?

उत्तर : जाळं झालेलंच नाही. तुमचे प्लग वायफायचे आहेत. वायफायचा प्लग किंवा बल्ब थेट वायफाय राउटरशी बोलतो, शेजारच्या प्लगचा निरोप नेत नाही. सहाचे साठ केलेत तरी रेंज वाढणार नाही, उलट घरच्या वायफाय राउटरवर गर्दी होईल. मागच्या खोलीसाठी वायफायचाच दुसरा पॉइंट लागेल. खोक्यावर झिगबी किंवा थ्रेड (झिगबीसारखंच दुसरं जाळं) लिहिलेलं असेल तरच प्लग निरोप पुढे नेईल. 'हबची गरज नाही' असं मोठ्या अक्षरात असेल तर बहुधा वायफाय किंवा ब्लूटूथ.

दोन वेगळ्या हबवरचे झिगबी प्लगही एकमेकांचे निरोप नेत नाहीत. प्रत्येक हबचं जाळं स्वतंत्र असतं.

प्रश्न : अमळनेर. लाईट जाऊन आली की अर्धे सेन्सर गायब. कधी तासाभराने परततात, कधी दुसऱ्या दिवशीही नाही. दर वेळी पुन्हा जोडायचे का?

उत्तर : पुन्हा जोडू नका. लाईट गेली की सगळे राउटर एकदम जातात, हब जातो, पण सेन्सर मात्र सेलवर जिवंत राहतात. ते थोडा वेळ आपला राउटर शोधतात. सापडला नाही की सेल वाचवायला शोधणं विरळ करतात. लाईट येते, प्लग काही सेकंदांत उठतात, हबला मिनिट-दोन मिनिटं लागतात, आणि सेन्सर तोवर गाढ झोपलेला असतो. त्याचं छोटं बटण एकदा दाबा, धरून ठेवू नका. जागा होऊन तो आधार शोधतो आणि बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

कायमचा इलाज इन्व्हर्टर. हब, वायफायचा राउटर, फायबरचा डबा आणि घराच्या मधले दोन प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर हवेत. घरात इन्व्हर्टर आहे म्हणजे सगळ्या सॉकेटांना आहे असं नाही. आपल्याकडे वायरमन सहसा दिवे-पंख्यांच्या बोर्डाला इन्व्हर्टर देतो. त्या बोर्डावरचं ६ अँपिअरचं सॉकेट त्यावर असतं, गीझर-फ्रिजचं १६ अँपिअरचं नसतं. मेन स्विच पाडून कोणतं सॉकेट जिवंत राहतं ते एकदा बघा आणि प्लग तिथेच लावा. भार वाढण्याची भीती नको. रिकामा प्लग अर्धा ते एक वॅट खातो. पाच प्लग धरले तरी महिन्याला तीनेक युनिट.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर मात्र जपून. स्वस्त प्लगमध्ये आतला पुरवठा बऱ्याचदा कपॅसिटरने उतरवलेला असतो. चौकोनी लाटेत त्या कपॅसिटरमधून जास्त करंट वाहतो, प्लग हाताला गरम लागतो आणि उन्हाळ्यात मरतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर हा प्रश्न येत नाही.

जाता जाता, बहुतेक बल्ब-प्लगच्या सेटिंगमध्ये 'वीज आल्यावर काय' हा पर्याय असतो. तो 'आधीची स्थिती' वर ठेवा. नाहीतर रात्री तीनला लाईट येईल आणि घरभर दिवे पेटतील.

प्रश्न : शिरपूरला नवं घर बांधलं, बोर्डाच्या आत बसणारे झिगबी मॉड्यूल प्रत्येक खोलीत टाकले. म्हणजे चौदा राउटर. तरी नकाशात फक्त नऊच राउटर दिसतात आणि तेही कमजोर.

उत्तर : न दिसणाऱ्या पाच बोर्डांत न्यूट्रल नसावा. सॉकेट असलेल्या बोर्डात न्यूट्रल येतोच. नुसत्या बटणांच्या, जिन्याच्या टू-वे बोर्डांत वायरमन तो ओढत नाही. तिथे 'नो न्यूट्रल' प्रकारचं मॉड्यूल बसवतात. ते बल्बमधूनच किंचित करंट घेऊन जगतं, सतत ऐकण्याएवढी वीज त्याला परवडत नाही, म्हणून ते सेन्सरसारखं एंड डिव्हाइस होऊन राहतं. रात्री एलईडी मंद मिणमिणत असेल तर तेच कारण. बल्बला समांतर बायपास कपॅसिटर लावला की मिणमिणणं थांबतं. राउटर हवा असेल तर त्या बोर्डापर्यंत न्यूट्रल ओढावा लागेल. पाइपात जागा असेल तर वायरमनचं तासाभराचं काम. अर्थिंगचा न्यूट्रल म्हणून वापर कोणी सुचवला तर त्याला परत पाठवा. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडेल, आणि ती नसेल तर अर्थिंग कुठे सुटलं की उपकरणांच्या बॉडीला करंट येईल.

उरलेले नऊ कमजोर का? नव्या घरात भिंतीतला डबा सहसा पत्र्याचा असतो. पाच बाजूंनी पत्रा आणि मॉड्यूल तळाशी वायरींच्या गुंत्याखाली. सिग्नलला बाहेर पडायला समोरची प्लास्टिकची प्लेट एवढीच वाट आहे. मॉड्यूल वायरींच्या वर, प्लेटच्या मागे सरकवा. काही मॉड्यूलमधून दोन-तीन इंचांची एक बारीक वायर मोकळी लोंबत असते, कुठेच न जोडलेली. वायरमनला ती फालतू वाटते. तो ती कापतो किंवा गुंडाळून पत्र्याला चिकटवतो. ती अँटेना आहे. डब्याच्या कडेपासून दूर, प्लेटच्या आतल्या बाजूला सरळ ठेवा. कापली असेल तर ते मॉड्यूल हबजवळच्या बोर्डात हलवा, थोडंफार चालेल.

प्रश्न : नंदुरबार. वायफाय चॅनेल ११ वर आहे आणि झिगबीही चॅनेल ११ वर. दोन्ही भांडतात म्हणून झिगबी बदलू का?

उत्तर : आकडा सारखा, जागा वेगळी. झिगबीचे चॅनेल ११ ते २६. त्यातला ११ म्हणजे २४०५ मेगाहर्ट्झ, तो वायफायच्या चॅनेल १ खाली येतो. वायफायचा ११ हा २४६२ भोवती असतो, म्हणजे तुमचं भांडण त्याच्याशी नाही. आधी वायफायचे चॅनेल दाखवणाऱ्या ॲपमध्ये शेजाऱ्यांची वायफाय कुठे आहेत ते बघा. चॅनेल १ वर गर्दी असेल तरच बदला. वायफाय १, ६, ११ वर असेल तेव्हा झिगबीसाठी १५, २० आणि २५ या फटी उरतात. २६ वर बरीच उपकरणं कमी ताकदीने चालतात, काही तिथे जातच नाहीत. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवर असेल तर २० करा, नाहीतर या फटीही बुजतात.

चॅनेल बदलल्यावर काही सेन्सर पुन्हा जोडावे लागतील हे धरूनच चला. म्हणून आधी फुकटचे उपाय करा. हब वायफाय राउटरपासून तीन-चार फूट लांब सरकवा. कॉम्प्युटरला लावायचा झिगबी डोंगल असेल तर तो यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात थेट नको. त्या पोर्टाची आणि तिथल्या हार्ड डिस्कची खरखर नेमकी २.४ गिगाहर्ट्झवर येते. एक-दीड मीटरची एक्स्टेंशन वायर घ्या आणि डोंगल यूएसबी २ च्या पोर्टातून लांब टांगा. शंभर-दीडशे रुपयांच्या वायरीने जे होतं ते महागड्या अँटेनाने होत नाही.

प्रश्न : पाचोरा. मॅटर आणि थ्रेड आलंय म्हणतात. झिगबीचे प्लग काढून टाकायचे का?

उत्तर : चालतंय ते काढू नका. मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. मॅटर ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांची सामाईक भाषा, थ्रेड हा निरोप जाण्याचा बिनतारी रस्ता. थ्रेडमध्येही विजेवरची उपकरणंच निरोप नेतात. फरक एवढाच की राउटर कोणी व्हायचं हे ती आपसात ठरवतात, आणि एका जाळ्यात एका वेळी ३२ पर्यंत राउटर असू शकतात. झिगबी आणि थ्रेडचा रेडिओ एकाच जातीचा, तरी झिगबीचा प्लग थ्रेडचा निरोप नेत नाही. थ्रेडचे दोन सेन्सर आणलेत आणि घरात थ्रेडचा एकही प्लग नाही, तर जळगावच्या वाचकांची तक्रार तुमच्याकडे सुरू होईल.

प्रश्न : रावेरजवळ केळीचा बाग आहे. घरापासून विहीर दीडशे मीटर. लागवड झाली तेव्हा विहिरीवरच्या खोलीत झिगबीचा प्लग घरच्या हबशी बोलायचा. आता झाडं डोक्यावर गेली आणि सिग्नल बंद. मधे दोन-तीन प्लग लावून ५ एचपीची मोटर घरून चालू-बंद करायची आहे.

उत्तर : केळीच्या खोडात आणि पानांत पाणीच पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाणी शोषून घेतं. लागवडीच्या वेळी मोकळं रान होतं म्हणून चाललं. दीडशे मीटरवर नुसती नजर पोचून भागत नाही. मधोमध सिग्नलच्या रेषेभोवती दोनेक मीटर मोकळं लागतं. झाडं तीन मीटर धरली तर दोन्ही टोकांना अँटेना पाच मीटरच्या वर, म्हणजे घराच्या गच्चीवर आणि विहिरीशी खांबावर हवी. बाहेर बसवायचा, वेगळ्या अँटेनाचा राउटर घेतला तर एवढं अंतर होतं. डबा प्लास्टिकचा आणि पाणी न शिरणारा घ्या, पत्र्याचा नको.

पण बागेत मधे प्लग लावायचा बेत सोडा. त्यांना वीज कुठली? शेतीची लाईन चोवीस तास नसते. ती गेली की राउटर जातो, आणि लाईट आली का हे कळायला तुम्हाला नेमका तोच राउटर हवा असतो. विहिरीवरच्या राउटरला छोटं सोलर पॅनल आणि बॅटरी द्यावीच लागेल. एवढं करण्यापेक्षा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारा लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा कमी विजेचा रेडिओ, घ्या. आपल्या देशात या पट्ट्याला लायसन्स लागत नाही, आणि झाडीतून तो २.४ पेक्षा कितीतरी बरा पार होतो. विहिरीवर मोबाईलची रेंज असेल तर सिमकार्डाचा मोबाईल स्टार्टर हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. या कामाला आमची पसंती त्यालाच.

काहीही घ्या, प्लगवर मोटर चालवायची नाही. ५ एचपीची थ्री फेज मोटर फेजमागे सात-आठ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहापट. प्लग सिंगल फेजचा. रिमोटने चालवायची ती फक्त स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची, कॉइल. ओव्हरलोड रिले, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि ड्राय रन ही संरक्षणं स्टार्टरमध्ये आहेत तशीच राहू द्या, रिमोटचा स्मार्ट रिले त्यांच्या नंतर मालिकेत येईल. आणि जोडण्याआधी कॉइलवर लिहिलेला व्होल्टेज वाचा. शेतीच्या स्टार्टरमध्ये ती बऱ्याचदा ४१५ व्होल्टची असते, दोन फेजांमध्ये जोडलेली. स्मार्ट रिलेचे संपर्क २५० व्होल्टचे. तो थेट लावला तर आत ठिणगी पडून संपर्क चिकटतील आणि मोटर बंदच होणार नाही. कॉइल २४० व्होल्टची बसवून घ्या आणि विहिरीवर न्यूट्रल चांगला आहे याची खात्री करा.